पोटातल्या जिवांचा चातुर्मास

चातुर्मास बसला की आमच्या स्वयंपाकघरातून हिरवा रंग जातो. आषाढी चौदसीच्या आदल्या दिवशी विमल, माझी बायको, उरलीसुरली कोथिंबीर चटणीत वाटून टाकते आणि मग थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजीचं एक पान उंबरा ओलांडून आत येत नाही. नेमकं याच दिवसांत जुन्नरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मेथी, शेपू, चाकवत, आंबट चुका यांचे ढीग लागलेले असतात आणि डोंगराकडच्या बाया कुरडू-भारंगीच्या ओल्या जुड्या फडक्यावर मांडून बसलेल्या असतात. त्यांच्या मधून वाट काढत मी माझ्या कापडाच्या दुकानात जातो. पानापानावर बारीक जीव असतात, पावसाळ्यात तर फारच, म्हणून आम्ही जैन ती खात नाही. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलंय की त्या ढिगांकडे बघून माझ्या तोंडाला कधी पाणी सुटलं नाही, निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी नाही.

यंदा मात्र त्या जुड्या दिसल्या की मी मान खाली घालतो. भाजीवाल्या बायांना वाटत असेल, शेटजींची कुठे काही उधारी राहिली आहे की काय!

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी पुण्याला इंजेक्शनं घ्यायला जात होतो. एक मूत्रपिंड आधीच काढलेलं होतं आणि आता फुप्फुसात ठिपके दिसले होते. केमो नाही, इम्युनोथेरपी द्यायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. "हे औषध गाठीला थेट मारत नाही," ते म्हणाले, "तुमच्या अंगात राखणदार पेशी आहेत. कॅन्सरनं त्यांना गप्प बसवलंय. औषध त्यांना जागं करतं." सगळ्यांचेच राखणदार जागे होतात का, असं मी विचारलं. व्यापारी माणूस, माल घेण्याआधी विचारणारच. "नाही," ते म्हणाले, "काहींचे होतात, काहींचे नाही. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

त्यानंतर त्यांनी मला शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. विमल तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभी होती. त्या बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं मात्र एकदम स्वच्छ. म्हणाल्या, "काका, तुमच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांचा आणि या औषधाचा काहीतरी संबंध असावा, असं संशोधनात दिसायला लागलंय. ज्यांच्या पोटात तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू नांदतात, त्यांना औषध जास्त लागू पडत असावं. पक्कं म्हणून मी सांगणार नाही, कारण ते पक्कं नाहीये. पण त्या जिवाणूंना साबुदाणा आणि पांढरा भात नको असतो. त्यांना चोथा लागतो. भाकरी, सालासकट डाळी, उसळी, भाज्या, फळं, सगळं खा. मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, जाहिरातीतल्या जिवाणूंच्या कॅप्सूल आणू नका आणि जुलाब लागले तर लगेच आम्हाला फोन करा."

मी मान डोलावली. विमल औषधांची पिशवी घेऊन वर आली. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"सगळं खा म्हणाल्या," मी म्हणालो आणि पदरचं जोडलं, "जपून."

त्या एका 'जपून'नं पुढचं सगळं घडवलं. मी तो शब्द का घातला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. विमलनं माझं पथ्य आधीच ठरवून टाकलं होतं. तिच्या वडिलांना केमो चालू होती तेव्हा त्यांचं तोंड आतून सोलवटलं होतं, पोट धरत नव्हतं आणि तिथल्या डॉक्टरांनी मऊ, पांढरं, बिनतिखटाचं द्या असं सांगितलं होतं. ते तिनं महिनोन् महिने हातानं भरवलं. त्या दिवसांत वडिलांसाठी तिला करता आलेली ती एकच गोष्ट होती. कॅन्सर म्हटलं की तिच्या डोक्यात तेच ताट उभं राहायचं: साबुदाण्याची खीर, गुरगुट्या भात, बिनसालीच्या मुगाचं पाणी, दूध-पाव. माझं औषध वेगळं होतं, माझं तोंड ठणठणीत होतं, भूकही चांगली लागत होती. पण ती इतक्या हुरूपानं खीर ढवळत होती की तिला थांबवायला माझी जीभ रेटेना. दुकानात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हे वडिलांनी मला शिकवलं. घरीही मी तेच करत आलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. विमलनं माझ्यासाठी एकासणं धरलं. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, बाकी फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. एक-दोन दिवस नव्हे, अख्खा चातुर्मास. उपाश्रयात साधूंच्या प्रवचनाला येणाऱ्या बायका तिला हात जोडायच्या. ती दुपारी माझं ताट वाढून मला निरोप द्यायची, "चला, जाऊन या दुकानात, मी आता बसते," आणि आपल्या एकुलत्या एका जेवणाला बसायची.

आणि मी दुकानात न जाता रशीदभाईकडे जायचो.

रशीदभाई पिंजारी. आमच्या दुकानामागच्या गल्लीत त्याचं गाद्यांचं दुकान आहे आणि गाद्यांना लागणारं जाड पट्ट्यांचं कापड तो वर्षानुवर्षं माझ्याकडून नेतो. एका दुपारी मी कापडाचं विचारायला गेलो, तर तो पिंजलेल्या कापसाच्या ढिगामागे डबा उघडून बसला होता. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि चुक्याची पातळ भाजी. माझ्या तोंडावर काय दिसलं कोणास ठाऊक, त्यानं भाकरीचा अर्धा भाग मोडून माझ्यापुढे धरला. "शेठ, खा. उपाशी माणसासमोर मला घास जात न्हाई."

मी खाल्ली. कापसाच्या ढिगाआड बसून, गालात घास दाबून, चोरासारखी. उसळीत लसूण होता, माझ्या पिढ्यांमध्ये कुणी न खाल्लेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको, जिला आम्ही सगळे भाभी म्हणतो, तिनं डब्यात माझ्यासाठी वेगळी वाटी पाठवली. "भाभीनं नवीन पातेलं काढलंय तुझ्यासाठी," रशीदभाई म्हणाला, "कांदा न्हाई, लसूण न्हाई. ती म्हनती, शेठचा धरम माझ्या चुलीवर नको बुडायला." माझा धर्म मी बुडवत होतो आणि तो वाचवायला ती पातेली घासत होती. पण पाल्याचं काय? चातुर्मासातल्या पाल्याचं भाभीला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. चुका, अंबाडी, तांदुळजा, जे यायचं ते मी खायचो. मग तोंड धुऊन, शर्टावरचा कापूस झटकून दुकानात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत घरी विमल खीर घेऊन उभी. ती दोन चमचे खाऊन मी म्हणायचो, "पोट भरलं." ते तरी खरं असायचं.

आता विचार केला की एक गोष्ट सारखी टोचते. तिचं एका वेळचं जेवण आणि माझं चोरीचं जेवण एकाच वेळी चालायचं. ती घरात माझ्या नावानं घास मोजत होती आणि मी दोन गल्ल्या सोडून उसळ ओरपत होतो.

दिवाळीनंतर स्कॅन झाला. ठिपके विरले होते. डॉक्टरही खूश झाले. "औषध फार छान लागू पडलं," म्हणाले. विमलनं डोळे पुसले आणि गाडीत बसल्याबसल्या बहिणीला फोन लावला: "माझं पथ्य फळलं गं."

तिथून तिचं नाव झालं. आधी नातेवाइकांत, मग बाजारात, मग नारायणगाव, मंचरपर्यंत. जुन्नरच्या वहिनींनी नवऱ्याला मऊ पथ्यावर ठेवून ओढून आणलं, असं लोक सांगू लागले. फोन यायचे. विमल कुणालाही झिडकारायची नाही, खिरीत दूध कधी घालायचं इथपासून सांगायची. मी शेजारी बसून ऐकायचो. ज्याच्या जोरावर ती बोलायची तो पुरावा म्हणजे मी, आणि तो पुरावाच खोटा होता.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त छळतं ते आणखीनच वेगळं. आम्ही पाणी गाळून, उकळून पितो. दिवेलागणीनंतर जेवत नाही, एखादा न दिसणारा जीव तोंडात जाऊ नये म्हणून. सूक्ष्म जिवांबद्दल इतकं बारकाईनं शिकलेली माणसं दुसरी कुठे असतील? आणि माझ्याच आत त्यांची एवढी वस्ती आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर एका मुलीच्या तोंडून कळलं. पानावरच्या जिवांना जपायचं म्हणून मी पान सोडायचं, तर पोटातले जीव उपाशी राहतात. त्यांना वाढायचं, तर पानावरचे मरतात. मी एकदा उपाश्रयातल्या महाराजसाहेबांना हे आडून विचारलं. ते म्हणाले, "आजाऱ्याला नियमात सूट असते, कांतीभाई. मागायची असते फक्त." फक्त मागायची! विमलसमोर तोंड उघडून मागायची, एवढंच.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा. गावभर म्हणतो, फोनवर फुलांच्या चित्रासकट पाठवतो. दोन्ही वर्षं मी ते विमललाही म्हटलं. ती हसून म्हणायची, "तुम्ही काय दुखावणार मला!" कशाबद्दल क्षमा मागतोय ते सांगायचं टाळून क्षमा मागणं किती सोपं असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल.

तरी हे सगळं नवरा-बायकोतलं होतं. माझ्या मनाला मी समजावत होतो की औषधानं मी बरा झालो, आहाराचं फक्त 'कदाचित' आहे, तेव्हा कुणाचं काय बिघडलं? कदाचित हा शब्द भित्र्या माणसाला फार सोयीचा. मग यंदा ज्येष्ठात लोणीचे पोपटराव दुकानात आले.

पोपटराव आमचं जुनं गिऱ्हाईक, शेतकरी माणूस. त्यांच्या बायकोला, सुमनला, तोच आजार, तेच औषध, तेच हॉस्पिटल. "भाऊ, वैनींची भेट करून द्या," ते हात जोडून म्हणाले. मी त्यांना घरी नेलं. स्वतःच्या पायांनी नेलं! विमलनं दोघांना बसवून सगळं समजावलं आणि सुमननं एकेक गोष्ट मनावर घेतली. त्यानंतर मी एकदा कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकावलो. सुमन पडवीत बसून वाटीतली खीर खात होती. मी समोर बसलो, चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. सांगायलाच गेलो होतो. घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की त्यांना पुण्याच्या बाईंनी सांगितलंच असेल, त्या सांगतील तसं ते करतील.

श्रावणातल्या एका रविवारी विमल म्हणाली, "सुमनला बघून येऊ. फोनवर आवाज फार बारीक वाटला." आम्ही निघालो. तिच्या मांडीवर खिरीचा डबा होता. लोणीत पोचलो तेव्हा पोपटरावांच्या घराच्या अगदी भिंतीपर्यंत बाजरी उभी होती, परसात मेथीचा वाफा होता. सुमन खाटेवर उशीला टेकून बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"वैनी, तुमी सांगितलं तसंच चाललंय," पोपटराव म्हणाले. "भाकरीचा तुकडा सुदिक दिला न्हाई तिला. लई मागती, पर मी खमक्या हाय."

सुमन हसली. "वैनी, एक इचारू का? शेटजींनी बी हेच खाल्लं? माझं तर प्वाट साफ व्हत न्हाई, तोंडाला चव न्हाई. त्यांना कसं जमलं?"

"एक दिवस मोडलं नाही त्यांनी," विमल म्हणाली. तिच्या आवाजात नुसता अभिमान होता. "विचार की त्यांनाच."

तिघंही माझ्याकडे बघू लागले. सुमन तर अशी बघत होती, की मी आता काय सांगतो त्यावर तिचं सगळं टांगलंय. मी आणखी एकदा 'हो' म्हटलं असतं तर तिनं कार्तिकापर्यंत तीच खीर निमूटपणे गिळली असती.

"मोडलं," मी म्हणालो. "रोज मोडलं."

मग मी सगळं सांगितलं. रशीदभाई, भाकरी, उसळ, चुका, आहारतज्ज्ञ बाईंचं बोलणं, 'जपून'. विमलकडे न बघता सांगितलं. माझं संपलं तेव्हा पोपटराव हळू आवाजात म्हणाले, "त्या बाई आमाला बी म्हनल्या व्हत्या भाकरी खा. मीच म्हनलं, त्या पुस्तकातलं सांगत्यात, वैनींनी माणूस वाचीवलाय." मग त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग भाऊ, आता? दोन महिनं गेलं की ह्यात. पुढच्या महिन्यात स्कॅन हाय."

खाण्यावरच सगळं असतं असं नाही, औषधच मुख्य, कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, हे सगळं मी बोललो, आणि ते सगळं खरं होतं. पण माझ्या तोंडून त्याला काही वजन राहिलं नव्हतं. पोपटराव चिडले असते, अंगावर धावून आले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बायकोच्या मनगटाकडे बघत राहिले.

सुमन आधी खुदकन हसली. "आन् मी येडी, दारात बाजरी उभी, आन् साबुदाणा चिवडीत बसले!" मग तिचं हसू गेलं. "भाऊ, मागल्या बारीला तुमी हितंच बसला व्हता ना? माझ्या हातात खिरीची वाटी व्हती. तवाच सांगायचं. मी बी चोरून खाल्ली असती."

पोपटरावांनी तिथल्या तिथे आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला, स्पीकरवर. रविवार असूनही त्यांनी उचलला. सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकदम सुरू करू नका, आधी पाव भाकरी, सालासकट डाळ पातळ करून, थोडी मेथी, सोबत पाणी भरपूर, आणि उद्या त्यांना घेऊन या, वजन बघू. विमल ते सगळं ऐकत होती. फोन बंद झाल्यावर ती उठली. "पीठ कुठं ठेवता?" तिनं पोपटरावांना विचारलं आणि आत चुलीपाशी गेली. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. तिनं परसातली मेथी स्वतः खुडून आणली, चातुर्मासात, जिनं लग्नानंतर इतक्या वर्षांत या महिन्यांत पानाला हात लावला नव्हता. निवडून, धुऊन, डाळीत घालून तिनं सुमनला पाव भाकरी चुरून दिली. सुमन खात असताना तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. खिरीचा डबा तसाच परत गाडीत आला. एवढ्या वेळात माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

सुमनचं काय होईल मला माहीत नाही. ते ठिपके विरतील, तसेच राहतील किंवा वाढतील. वाढले तर डॉक्टर म्हणतील, औषध सगळ्यांना लागू पडत नाही. ते खरंच असेल. पण मी मात्र उरलेलं आयुष्य त्या दोन महिन्यांचा हिशेब लावत बसेन आणि तो कधीच लागणार नाही, कारण कुणालाच तो लावता येत नाही.

परतताना मंचरला हायवेला लागेपर्यंत विमल खिरीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. रागावेल, रडेल, भाभीच्या पातेल्यावरून काही म्हणेल, कशाचीही मी तयारी ठेवली होती. नारायणगाव जवळ आलं तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "चार महिने एक वेळ जेवत होते मी. माझं काहीच लागलं नाही का तुमच्या अंगाला?"

"लागलं," मी म्हणालो. "तुझंच लागलं."

मी मनापासून बोललो होतो. कापडाचा रंग जाणार नाही, असं मी दुकानात सांगतो तेव्हा गिऱ्हाईक वरवर जशी मान डोलावतं, तशी तिनं मान डोलावली.